निराधार कोणी केले? भंडारा जिल्ह्यातील श्रम आणि म्हातारपणचे वेतन

भंडारा जिल्ह्याच्या कोणत्याही खेड्यात म्हातारपणी सरकारकडून येणाऱ्या पैशाला दोन नावे आहेत. ज्याने जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, रेल्वेत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, त्याला 'पेन्शन' मिळते. जिने चाळीस वर्षे विड्या वळल्या, पावसाळ्यात रोवण्याच्या चिखलात कंबर वाकवली, उन्हाळ्यात तेंदूपाने तोडून फडावर नेली, तिला 'निराधारचे पैसे' मिळतात. पेन्शन घेणारा माणूस आपण काय काम केले ते सांगतो. निराधारचे पैसे घेणाऱ्या बाईला मात्र आपल्याजवळ काय नाही ते सिद्ध करावे लागते. जमीन नाही, कमावता मुलगा नाही, उत्पन्न नाही, असे दाखले जमवावे लागतात. तिने आयुष्यभर केलेल्या कामाचा उल्लेख त्या अर्जात कुठेही येत नाही.

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत वृद्ध, विधवा, अपंग यांच्यावर होणारा सरकारी खर्च वाढत गेला, हे खरे आहे. ही वाढ सांगणारे अहवाल आणि जाहिराती पुष्कळ आहेत. परंतु खर्च किती वाढला याच्याही आधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. कोणाच्या श्रमाला राज्यसंस्थेने 'सेवा' मानले आणि कोणाच्या श्रमाला मानले नाही? ही विभागणी कारकुनाच्या वहीत झाली असे वाटते. पण तिची मुळे आपल्या समाजरचनेत आहेत. ज्यांच्या कपाळी वर्णव्यवस्थेने हक्काशिवायचे काम लिहिले, त्यांच्याच म्हातारपणाला आधुनिक राज्याने 'निराधार' हे नाव दिले. या जिल्ह्याच्या इतिहासातून हे दाखवता येते.

१

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. इंग्रजी अमदानीत तो मध्य प्रांतात होता आणि येथे मालगुजारी पद्धत होती. गावचा मालगुजार सारा गोळा करी. जमीन, तलाव, जंगल यांवर त्याची सत्ता चाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलावांना मात्र 'माजी मालगुजारी तलाव' हे नाव आजही चिकटून आहे. या गावगाड्यात महार समाजाकडे जाडेभरडे कापड विणण्याचा धंदा होता, कोतवालकी होती आणि शेतमजुरी होती. कोतवालाला रयतेकडून सुगीला धान्य मिळे. ते त्याच्या कामाचे मोल होते, पण देणारा ते दान म्हणून देई आणि घेणाऱ्याला ते वाकून घ्यावे लागे.

१८७७ साली नागपूरला एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या कापडापुढे खेड्यातला हातमाग टिकणार नव्हता. विणकर महार गिरणीकडे वळला; विसाव्या शतकाच्या आरंभी तुमसर भागात मँगनीजच्या खाणी निघाल्या तेव्हा खाणीकडे वळला; आणि नंतर फार मोठ्या संख्येने विडीकडे वळला. जातीने दिलेला धंदा गेला. त्या धंद्याबरोबर म्हातारपणी मिळणारी मूठ-पसा धान्याची जी काही आशा होती तीही गेली. नव्या मालकाशी नाते रोजच्या मजुरीपुरते होते. हात चालतो तोवर मजुरी. पुढे काय, याचे उत्तर खाणीत नव्हते आणि सट्टेदाराच्या हिशेबातही नव्हते.

सरकारकडून येणारी मदत त्या काळी एकाच प्रसंगी दिसे, ती दुष्काळात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. दुष्काळ संहितेत लोकांचे दोन भाग केलेले होते. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने खडी फोडावी, रस्ता बांधावा. जो काम करू शकत नाही त्याचे नाव फुकट मदतीच्या यादीत घालावे. ही मदत जगण्यापुरती असे आणि खरा गरजू कोण हे गावातल्याच अधिकाऱ्यांनी ठरवावयाचे असे. या यादीची रीत लक्षात ठेवली पाहिजे. तुटपुंजी रक्कम, लाचारीचा पुरावा आणि गावातल्या वजनदारांची शिफारस या तिन्ही गोष्टी पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

अस्पृश्य समाजाला खऱ्या अर्थाने पेन्शन म्हणजे काय हे कळले ते पलटणीतून. कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात महार शिपाई होते. निवृत्तीनंतर त्यांना गावाच्या मेहेरबानीवर अवलंबून नसलेला पैसा मिळू लागला. कोकणात दापोलीला अशा पेन्शनरांची वस्तीच झाली. गोपाळबाबा वलंगकर तेथलेच, पलटणीतून निवृत्त झालेले. रामजी सुभेदारही तसेच. १८९० च्या दशकाच्या आरंभी सरकारने महारांची लष्करभरती थांबवली तेव्हा वलंगकरांनी अर्ज तयार केला, त्यामागे केवळ नोकरीचा प्रश्न नव्हता. महिन्याकाठी हातात येणारा हा पैसा माणसाला गावापासून मोकळा करीत होता. त्यातून मुलांच्या शाळेची फी निघत होती आणि सवर्णाच्या उंबरठ्यावर उभे राहण्याची गरज संपत होती. वलंगकरांनी लेखणी धरली ती निवृत्तीनंतर. रामजींच्या मुलाचे पुढे काय झाले हे वाचकाला सांगावयास नको.

२

जगाच्या पाठीवर याच सुमारास म्हातारपणाच्या वेतनाचे कायदे होत होते. जर्मनीत बिस्मार्कने १८८९ साली वृद्धत्व आणि अपंगत्व विम्याचा कायदा केला. कामगार समाजवादाकडे जाऊ नये हा त्याचा हेतू होता आणि पेन्शनचे वय सत्तर ठेवले होते. ब्रिटनने १९०८ साली कायदा करून सत्तर वर्षांवरील गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत देण्याचे ठरवले. या ब्रिटिश कायद्यातील एक गोष्ट आपल्या कामाची आहे. हे पैसे पोस्टात मिळत. जुन्या दरिद्री-कायद्याच्या कचेरीत, जेथे गरिबाला अपमान गिळावा लागे, तेथे जावे लागत नसे. पैसे तेच सरकारी, पण खिडकी बदलली आणि म्हातारा माणूस भिकारी ठरेनासा झाला.

अमेरिकेत १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. त्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे यांना वगळले होते. कारणे प्रशासकीय सांगितली गेली. परंतु त्या काळी दक्षिणेतील काळ्या माणसांचा फार मोठा भाग नेमका याच दोन कामांत होता. १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनी ही उणीव बरीच भरून निघाली, तोवर एक पिढी म्हातारी होऊन गेली होती. कायद्यात 'काळा' हा शब्द कोठेही नव्हता. धंद्याचे नाव घेतले की वर्ण आपोआप आला. आपल्याकडे जातीचे असेच झाले.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९२८ सालीच त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. मजूरमंत्री झाल्यावर १९४३ साली खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात त्यांनी दुरुस्ती आणली. त्याच वर्षी प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना करण्याचे काम सोपवले गेले. अडारकरांचा अहवाल १९४४ साली आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा निघाला. १९४४ साली रेगे समिती नेमली गेली. तिने देशभरातील मजुरांच्या स्थितीची पाहणी केली आणि विडी उद्योगाचीही स्वतंत्र पाहणी केली.

याहून महत्त्वाची गोष्ट बाबासाहेबांच्या १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात आहे. मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, हे त्यातले मत आपण अनेकदा उद्धृत करतो. त्याच कलमात विमा हा राज्याचा मक्ता असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे राज्याने बंधनकारक करावे, असेही म्हटले आहे. येथे शब्द 'प्रत्येक नागरिक' असा आहे. कारखान्यातील कामगार, सरकारी नोकर आणि भूमिहीन मजूर असा भेद त्यात नाही. उद्याची शाश्वती हा नागरिकत्वाचा भाग आहे, असा त्या मांडणीचा अर्थ होतो.

घटनेत मात्र ही मांडणी आली नाही. वृद्धत्व, आजार, अपंगत्व आणि बेकारी यांत सरकारी साहाय्य मिळण्याचा हक्क अनुच्छेद ४१ मध्ये आला, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत आला आणि 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' या शब्दांसह आला. त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. हक्क हा शब्द मिळाला आणि हक्क बजावण्याचे साधन बाजूला राहिले.

३

आता विडीकडे येऊ. भंडारा-गोंदिया भागात भूमिहीन बायकांना बारमाही म्हणावे असे काम विडीनेच दिले. पाने सट्टेदाराकडून आणावयाची, घरी भिजवून कापावयाची, तंबाखू भरून वळावयाची आणि जुड्या बांधून परत द्यावयाच्या. मजुरी हजारामागे. मुनीम त्यातली छाट काढणार. छाटलेल्या विडीची मजुरी नाही, पण ती विडी परतही मिळत नाही. कामठीच्या बाबू हरदासांनी तिसाच्या दशकात विडी मजुरांची संघटना उभारली. 'जय भीम' या अभिवादनाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. विडी मजुरांचे पुढारी म्हणून त्यांची आठवण कमी काढली जाते. १९३७ साली ते कायदेमंडळात निवडून गेले आणि १९३९ साली ऐन तारुण्यात क्षयाने गेले.

१९४८ चा विमा कायदा सुरुवातीला विजेवर चालणाऱ्या आणि वीस किंवा अधिक कामगार असणाऱ्या कारखान्यांना लागू होता. विडी हाताने वळतात. तिला वीज लागत नाही. १९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आला. तो आरंभी ज्या सहा उद्योगांना लागू केला त्यांत सिमेंट, कापड, कागद, लोखंड-पोलाद, यंत्रसामग्री आणि सिगारेट हे उद्योग होते. सिगारेट होती, विडी नव्हती. दोन्हींत तंबाखूच आणि दोन्हींतून धूरच. परंतु सिगारेट कारखान्यात तयार होत होती आणि विडी झोपडीच्या ओसरीवर. विडी उद्योगाला भविष्यनिर्वाह निधी लागू होण्यास १९७७ साल उजाडले. मध्ये पंचवीस वर्षे गेली.

१९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. मालकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली कायदा उचलून धरला. १९७६ साली विडीवर उपकर बसवून कल्याण निधी निर्माण झाला. त्यातून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्ती आणि घरांसाठी साहाय्य मिळू लागले. १९७७ चा निधी घरखेप कामगारांना लागू होत नाही, कारण घरी बसून काम करणारी बाई आमची कामगार नव्हेच, असा युक्तिवाद मालकांनी केला. तोही १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. माल नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, म्हणजेच नियंत्रण त्याचे आहे, म्हणून ती बाई त्याची कामगार आहे. हा विचार आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतला पाहिजे. ज्या छाटीने विडीवाली नाडली जात होती, तीच छाट ती कामगार असल्याचा पुरावा ठरली.

१९९५ साली कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आली आणि प्रथमच विडीवाल्या बाईला 'पेन्शन' या शब्दापर्यंत पोहोचता आले. पण कसे? योजनेत किमान दहा वर्षांची सेवा लागते. पेन्शनचे सूत्र असे की सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणावे आणि सत्तरने भागावे. समजा नोंदलेली मजुरी महिन्याला ३,५०० रुपये आहे आणि नोंदलेली सेवा पंधरा वर्षांची आहे. पेन्शन होते ७५० रुपये. वास्तवात काम चाळीस वर्षांचे असते. पाने कमी आली, कारखाना बंद झाला, सट्टेदार बदलला, दुसऱ्याच्या नावावर विड्या घातल्या, नाव कागदावर एक आणि बोलण्यात दुसरे, अशा कारणांनी वहीत फार थोडी वर्षे उरतात. २०१४ च्या सप्टेंबरपासून किमान पेन्शन १,००० रुपये करण्यात आली. म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. त्यानंतर दहा वर्षे ती जागची हलली नाही. आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा विडीवरचा उपकर रद्द झाला. कल्याण निधीचा स्वतःचा झरा आटला.

४

जे विडीतही नव्हते, जे केवळ शेतमजूर होते, त्यांच्या म्हातारपणाचे काय? येथे आपल्या चळवळीच्या इतिहासाकडेही पाहावे लागते.

१९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्याच्या राखीव जागेसाठी लोकसभेची पोटनिवडणूक झाली. बाबासाहेब उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेब पडले. या पराभवाची कारणे अनेकांनी मांडली आहेत. आपल्या विषयापुरते एवढेच म्हणता येईल की ज्याने 'प्रत्येक नागरिका'च्या विम्याची भाषा केली त्याला लोकसभेत नेण्याची संधी या जिल्ह्याला आली होती आणि ती गेली.

१९६४ साली रिपब्लिकन पक्षाने दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला. पंतप्रधानांना दिलेल्या मागणीपत्रात पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी, धान्याचे वाटप आणि भाव यांवर नियंत्रण असावे, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी व्हावी, बौद्धांना सवलती मिळाव्यात, राखीव जागा भराव्यात अशा दहा मागण्या होत्या. म्हातारपणाच्या वेतनाची मागणी त्यांत नव्हती. याचा दोष देण्याचे कारण नाही. शेतीप्रधान समाजात जमीन हेच म्हातारपण असते. ज्याच्या नावावर चार एकर धान आहे त्याला मुलगा सांभाळतो, सून ताट वाढते, सोसायटी कर्ज देते. जमीन मिळाली असती तर निराधार योजनेच्या रांगा इतक्या लांब झाल्या नसत्या. जमीन मिळाली नाही, आणि तिच्या जागी काय मागावयाचे याचा विचार चळवळीने नंतर पुरेसा केला नाही. राखीव जागांसाठी, विद्यापीठाच्या नामांतरासाठी आपण रस्त्यावर आलो आणि ते योग्यच होते. पण म्हाताऱ्या शेतमजूर बाईचा प्रश्न तहसील कचेरीच्या व्हरांड्यातच राहिला.

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमीची कल्पना रुजली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या या योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यानंतर लगेच, १९८० साली, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या काळात संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. या दोन योजना शेजारी ठेवल्या की जुन्या दुष्काळ संहितेची आठवण होते. ज्याला बळ आहे त्याला काम, ज्याला बळ नाही त्याला अनुदान. फरक मोठा आहे, तो नाकारू नये: दुष्काळापुरते जे होते ते बारमाही झाले. परंतु दोहोंत दर्जाचा भेद राहिला. रोजगाराची हमी कायद्याने मिळाली. निराधाराचे अनुदान शासन निर्णयाने मिळाले. कायदा मोडला तर जाब विचारता येतो. अनुदान थांबले तर विनंती करावी लागते.

५

आता खर्चाची वाढ पाहू. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला आणि पासष्टीवरील निराधारांना महिन्याला ७५ रुपये देऊ केले. २००६ साली ही रक्कम २०० झाली. २००७ साली योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले आणि दारिद्र्यरेषेखालील सर्व वृद्धांना ती खुली झाली. २००९ साली विधवा आणि अपंगांसाठी योजना आल्या. २०११ साली वय पासष्टवरून साठवर आले आणि ऐंशीवरील वृद्धांना ५०० रुपये झाले. महाराष्ट्राने आपल्या बाजूने श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेची भर घातली. केंद्र-राज्य मिळून ६०० रुपये, २०१९ साली १,०००, २०२३ साली १,५०० आणि दिव्यांगांसाठी २०२५ साली २,५०० अशी ही चढण आहे. ७५ वरून १,५०० म्हणजे वीस पट. राज्याने भार उचलला हे मान्य करावे.

पण केंद्राचे २०० रुपये २००६ पासून पुढे वर्षानुवर्षे २०० च राहिले. या काळात बाजारभाव तिपटीवर गेले. म्हणजे त्या दोनशेचे मोल एक तृतीयांशाच्या खाली आले. सरकारी पेन्शनरला महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढून मिळतो. निराधाराच्या पैशाला महागाई लागत नाही, असा जणू सरकारचा समज आहे. २०२४-२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात या संपूर्ण साहाय्य कार्यक्रमासाठी ९,६५२ कोटी रुपये होते आणि त्याखाली येणारे लोक सुमारे तीन कोटी होते. त्याच अंदाजपत्रकात केंद्राच्या लष्करी-मुलकी पेन्शनचा खर्च २ लाख ४० हजार कोटींच्या वर होता. पंचवीस पट.

आता पात्रतेची अट पाहावी. २०२४ पर्यंत निराधार आणि श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागे. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे घरातील एका माणसाने ७१ दिवस काम केले की कुटुंब अटीबाहेर गेले. आणि त्या वेळचा केंद्राचा कायदा १०० दिवसांच्या कामाची हमी देत होता! सरकारने कायद्याने जे काम द्यावयाचे, ते घेतले तर सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून नाव जावे. मग काय होते? तलाठ्याकडून एकवीस हजारांच्या आतला दाखला काढावा लागतो. प्रामाणिक माणसाला खोटे बोलल्याशिवाय हक्काचे चार पैसे मिळत नाहीत. आणि एकदा खोट्या दाखल्यावर नाव चढले की ते नाव कोणाच्या तरी मुठीत जाते. दाखला देणारा, अर्ज भरून देणारा आणि तालुक्याची समिती या सर्वांना ठाऊक असते की हा कागद केव्हाही उघडा पाडता येईल. या समितीवर पालकमंत्र्यांनी नेमलेली अशासकीय माणसे असतात. मालगुजार गेला, शिफारशीची सत्ता उरली.

२०२४ च्या जुलैत 'माझी लाडकी बहीण' योजना आली. २१ ते ६५ वयाच्या बाईला महिन्याला १,५०० रुपये आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. गरीब बाईच्या हातात पैसा आला, ते चांगलेच झाले. पण आता दोन योजना एकत्र वाचाव्यात. चौसष्ट वर्षांच्या बाईचे कुटुंब वर्षाला दोन लाख मिळवते तरी ती पात्र. पासष्ट पूर्ण झाली, हात थकले, की तिला तेवढेच १,५०० रुपये मिळण्यासाठी घरात एकवीस हजारांपेक्षा जास्त येत नाही असे सिद्ध करावे लागे. गरज वाढली की अट बारा पट कडक होते. यात अर्थशास्त्र शोधू नये. मतदारांचा मोठा गट आणि एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या यांत राज्यकर्ते कोणाकडे पाहतात, एवढेच ते दाखवते.

वयाची अटही अशीच आहे. केंद्राने साठ केले, तरी श्रावणबाळ योजनेत पासष्ट राहिले. खुर्चीत बसून काम करणारा अठ्ठावन्न किंवा साठाव्या वर्षी निवृत्त होतो. चिखलात रोवणा करणारी, तंबाखूच्या धुळीत दिवस काढणारी बाई मात्र पासष्टीपर्यंत तरुण समजावयाची.

६

येथे एका धोक्याची सूचना दिली पाहिजे. वरील आकडे दाखवून सरकारी नोकरांची पेन्शन हाच गरिबांचा शत्रू आहे, असे सांगणारे लोक आहेत. त्यांच्या नादी लागू नये. १९८२ साली नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की पेन्शन ही मालकाची मर्जी किंवा बक्षीस नव्हे. तो केलेल्या सेवेचा हक्क आहे. हा निकाल मोडून काढावयाचा नाही, खाली झोपडीपर्यंत न्यावयाचा आहे.

शिवाय आपल्या समाजात पेन्शन नेमकी केव्हा आली आणि केव्हा गेली, हेही पाहावे. स्वातंत्र्यानंतरच्या दोन पिढ्या राखीव जागांतून शाळामास्तर, कारकून, पोलीस, रेल्वे कामगार झाल्या. त्यांच्या पेन्शनीवर भाऊ-पुतणे शिकले, खेड्यातल्या म्हाताऱ्यांना औषध मिळाले, विहारे उभी राहिली. अनुशेष भरण्याच्या लढ्यांनंतर आपली मुले जेथे कोठे आत शिरत होती, तेथे केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नोकरांची जुनी पेन्शन बंद केली. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संपावर गेले. त्या मोर्चांत आपली शिकलेली मुले होती. परंतु त्यांच्या फलकांवर त्यांच्याच आई-मावशींच्या निराधार वेतनाची मागणी असती, तर त्या संपाचा अर्थ वेगळा झाला असता. पगारदार दलित आणि मजूर दलित यांच्यातील दरी कोठे पडते हे येथे दिसते.

आणि शेवटी या योजनांच्या नावांविषयी. श्रावणबाळ आंधळ्या आई-बापाला कावडीत घेऊन फिरला, म्हणून राज्य हेही आज्ञाधारक पुत्र, असे हे नाव सुचवते. पण कथा पुरी सांगितली पाहिजे. श्रावणबाळ पाणी आणावयास गेला तेव्हा राजाच्याच बाणाने मेला आणि त्याचे आई-बाप तहानलेले राहून गेले. आपल्याला पुत्रधर्माची कथा नको आहे. 'निराधार' हा शब्दही नको आहे. ज्यांच्या श्रमाने या जिल्ह्यातला धान पिकला, विडीचे कारखाने उभे राहिले आणि मँगनीज परदेशी गेले, त्यांचा आधार काढून घेतला गेला आहे.

म्हणून मागणी साधी आणि नेमकी असावी. कष्टकऱ्यांचे म्हातारपणचे वेतन शासन निर्णयावर न ठेवता कायद्याने द्यावे आणि त्याला 'निवृत्तिवेतन' म्हणावे. वयाची अट साठ असावी आणि विडी, खाण, शेतमजुरी यांसाठी आणखी खाली असावी. उत्पन्नाची मर्यादा किमान वेतनाशी बांधावी, म्हणजे काम करणाऱ्याला खोटा दाखला काढावा लागणार नाही. रक्कम महागाई निर्देशांकाबरोबर वाढावी. नावे ग्रामसभेत सर्वांसमोर वाचली जावीत. समितीच्या खोलीत ठरू नयेत. घरखेप कामगाराची नोंद मालकाच्या वहीवर सोडू नये.

२०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाख होती आणि त्यात दर सहावा माणूस अनुसूचित जातीचा होता. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर या सातही तालुक्यांत आपली तरुण मंडळी आहेत, शिक्षक आहेत, वकील आहेत. त्यांनी पहिले काम एवढेच करावे: आपापल्या गावातील म्हाताऱ्या माणसांच्या श्रमाची यादी करावी. कोणी किती वर्षे विड्या वळल्या, कोणी कोणाकडे सालदारी केली, कोण कोणत्या खाणीत होते, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावे. तहसील कचेरीतला अर्ज ज्या प्रश्नाला जागाच ठेवत नाही, त्याचे उत्तर त्या यादीत राहील. हक्क मागण्यापूर्वी सेवेचा दाखला तयार असावा लागतो. तो दाखला आपल्यालाच लिहावा लागेल.